अद्भुत कथा, चित्रकथा आणि आपले वाचनालय

(संस्थेच्या वार्षिक वाचक मेळाव्यात एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



जादूच्या साहसकथा आणि सुपरहिरोंची कॉमिक्स यांविषयी तरुण वाचकाला काय वाटते, या विषयावर मी बोलावे असे कार्यकारिणीने मला सुचविले. विषय हलका वाटेल, पण तो का निघाला हे इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. यंदा आपल्या वाचनालयात मुलांसाठी एक स्वतंत्र कपाट घ्यायचे ठरले आणि त्यात काय ठेवायचे यावर सभेत दोन तट पडले. एक मत असे की, सभासदांची वर्गणी घामाच्या पैशातून येते, तेव्हा तो पैसा स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती आणि शिष्यवृत्तीच्या पुस्तकांवरच खर्च व्हावा. उडणाऱ्या माणसांच्या चित्रांवर नको. दुसरे मत असे की, मूल आधी वाचायला तर लागू द्या. मी आता बारावीत आहे. माझे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत, त्यामुळे पहिले मत मांडणाऱ्या काकांचा मला मुळीच राग नाही. घरात एक पुस्तक विकत आणायचे म्हणजे दुसरे काहीतरी मागे राहते, हे मी पाहिले आहे. तरीही माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, आणि ते का आहे ते सांगण्याची परवानगी घेते.

मुले या पुस्तकांनी बिघडतात ही तक्रार नवी नाही, आणि आपल्याकडचीच आहे असेही नाही. 1954 साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थॅम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. तिथल्या सिनेटपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. पुढे 2012 साली एका ग्रंथपालन-संशोधक बाईंनी वर्थॅमची मूळ कागदपत्रे तपासली, तेव्हा त्याने मुलांच्या मुलाखतींत सोयीप्रमाणे फेरफार केल्याचे दिसून आले. याचा अर्थ सगळी कॉमिक्स चांगली असा मी लावत नाही. पुस्तक न वाचता त्याच्यावर निकाल देऊ नये, एवढाच लावते. आणि वाचून दिलेला निकाल मात्र कडक असावा. म्हणून मी स्वतः वाचलेल्या पुस्तकांचीच गोष्ट करणार आहे.

आमच्या घरात या वाचनाची सुरुवात माझ्या मामांपासून झाली. त्यांच्या लहानपणी एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्स मिळत. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 साली ती सुरू केली आणि 1990 साली बंद केली. मामांनी जपून ठेवलेले काही मराठी अंक मी वाचले आहेत. त्यातला नायक वेताळ. मूळचा अमेरिकन, ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला. जंगलात कवटीच्या गुहेत राहतो, घोड्यावरून फिरतो, त्याच्या ठोशाने गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते. मामा अजूनही त्याच्याविषयी बोलताना लहान होतात. मलाही ती कॉमिक्स भराभर वाचावीशी वाटली, हे खोटे कशाला सांगू?

परंतु वाचून झाल्यावर काही प्रश्न पडले. हा वेताळ एकविसावा आहे. बापानंतर मुलगा, त्याच्यानंतर त्याचा मुलगा, अशी ती गादी चारशे वर्षे चालत आलेली. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, कारण ते खरे काय ते जाणत नाहीत, आणि तो त्यांना ते कळू देत नाही. लोक काळे, रक्षक गोरा. म्हणजे पराक्रम हा इथे वंशपरंपरेने मिळणारा हक्क झाला, आणि बाकीच्यांच्या वाट्याला आले ते भिऊन नमस्कार करणे. त्याच लेखकाच्या मँड्रेक जादूगाराचा सोबती लोथार पाहा. तो आफ्रिकेतला राजपुत्र, अफाट ताकदीचा, आणि राज्य सोडून तो काय करतो, तर गोऱ्या जादूगाराची सेवा! काळ बदलला तसे पुढच्या चित्रकारांनी लोथारचे कपडे व भाषा सुधारली, पण सुरुवात तीच. जन्मावरून माणसाचे काम ठरविणारी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. ती घोड्यावर बसून, मुखवटा घालून आली तरी तिला ओळखता आले पाहिजे. तेव्हा वेताळ कपाटात ठेवावा काय? माझ्या मते ठेवावा. मात्र वाचून झाल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा: जंगलातल्या त्या बांदर जमातीचा एखादा हुशार मुलगा बाविसावा वेताळ का होऊ शकत नाही? मी हा प्रश्न वस्तीतल्या मुलांना विचारून पाहिला. एका मुलीने सांगितले, "ताई, त्याला फॉर्मच देणार नाहीत." ती सातवीत आहे.

आता सुपरमॅन. त्याचा जन्म 1938 चा. जेरी सिगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी तो निर्माण केला. दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, शाळेत ओळख झालेले. त्यांनी पहिली गोष्ट सगळ्या हक्कांसकट एकशे तीस डॉलरला विकली. त्या पात्रावर पुढे किती कमाई झाली ते सर्व जगाला माहीत आहे, आणि या दोघांना मात्र निवृत्तिवेतन व श्रेयनामावलीत नाव मिळायला 1975 साल उजाडावे लागले. सुपरमॅन विमान उचलतो, पण स्वतःच्या निर्मात्यांची मजुरी त्याला उचलून आणता आली नाही! हंगाम संपल्यावर हिशोबासाठी थांबलेल्या माणसांच्या घरात वाढलेल्या मला ही गोष्ट सुपरमॅनच्या कोणत्याही पराक्रमापेक्षा जास्त लक्षात राहिली. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. 1946 साली रेडिओवरच्या सुपरमॅन मालिकेत त्याला काळ्यांवर अत्याचार करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनसारख्या संघटनेशी लढताना दाखविले, आणि त्या वेळच्या अमेरिकेत ते सोपे नव्हते.

माझ्या धाकट्या भावाचा आवडता नायक स्पायडरमॅन. तो पाचवीत आहे. त्याला मी विचारले, इतके हिरो असताना हाच का? मला वाटले, भिंतीवर चढतो म्हणून म्हणेल. तो म्हणाला, "त्याचा सगळा चेहरा झाकलेला असतो. कुणाला कळत नाही तो कोण आहे ते. म्हणून त्याला कुणी आडनाव विचारत नाही."

बंधू-भगिनींनो, हे उत्तर ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. त्याच्या शाळेत, शाळेचे नाव मी घेत नाही, नव्या वर्गात पहिल्याच दिवशी मुलांनी एकमेकांची आडनावे विचारून झाली होती, आणि त्यावरून कुणी कुणाच्या डब्यातले खायचे हेही ठरून गेले होते. पाचवीतली मुले! त्यांना हे कुणी शिकविले, त्याचा शोध घ्यायला कोणत्याही सुपरहिरोची गरज नाही. बॅटमॅनचा अर्धा चेहरा दिसतो, सुपरमॅनचा पूर्ण दिसतो. स्पायडरमॅनच्या अंगाचे बोटही दिसत नाही. आत कोणीही असू शकतो. पीटर पार्कर हा 1962 सालापासून शाळेत जाणारा, आई-बाप नसलेला, मे काकूच्या घरखर्चाची चिंता करणारा मुलगा. तो कोणत्या गादीचा वारस नाही. कोळी चावला तो अपघाताने, आणि तो कुणालाही चावला असता. पुढे 2011 साली त्याच पोशाखात माइल्स मोरालेस नावाचा मुलगा आला. त्याचे वडील काळे आणि आई पोर्तो रिकोची. पोशाख तोच, आतला मुलगा वेगळा, आणि वाचकांनी त्यालाही डोक्यावर घेतले. 2004 साली एक भारतीय स्पायडरमॅनसुद्धा निघाला, मुंबईत राहणारा. त्याचे नाव पवित्र प्रभाकर. नाव पवित्रच का ठेवले, ते त्या लेखकांना विचारायला हवे!

याच भावाने एकदा स्वतःचा सुपरहिरो काढला. उजनीच्या पाण्यावरून तो उडत येतो, भिगवणचे रोहित पक्षी त्याच्या मागोमाग, आणि खाली उसाच्या गाड्या. चित्र छान होते. हिरोच्या तोंडाला त्याने फिका गुलाबी खडू लावला. मी म्हटले, हा कोणता रंग? तो म्हणाला, स्किन कलर. रंगपेटीतल्या त्या एका खडूला आपल्याकडची सगळी मुले स्किन कलर म्हणतात. माझी, त्याची, आईची, इथे बसलेल्या कुणाचीही कातडी त्या रंगाची नाही. तरी कातडीचा रंग तो, आणि आपला तो तपकिरी. त्या खडूने बुंधे आणि माती रंगवायची. ही गोष्ट कॉमिक्समुळे झाली असे म्हणता येईल. कॉमिक्स बंद केल्याने ती जाईल असे मात्र मला वाटत नाही, कारण टीव्हीवरच्या जाहिराती आणि हातातला मोबाइल कोण बंद करणार? दुसऱ्या रंगाचे नायक मुलांपुढे आणणे, एवढे आपल्या हातात आहे.

असे नायक नाहीत असे नाही. 1966 सालच्या जुलैत अमेरिकन कॉमिक्समध्ये ब्लॅक पँथर हा आफ्रिकन नायक आला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिथे ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. दोघांचे नाव जुळले हा योगायोग. त्या पक्षापासून स्फूर्ती घेऊन 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे इथल्या ज्येष्ठांना मी सांगण्याची गरज नाही. 2018 साली ब्लॅक पँथरचा सिनेमा आला. आम्ही मुलांनी तो मोबाइलवर पाहिला आणि वस्तीतल्या एका आजोबांना नाव सांगितले. ते ऐकताच ते ताठ बसले आणि त्यांनी आम्हाला सिनेमाची नव्हे, वरळीची गोष्ट सांगितली. तरीही टीका करायची तर करतेच: तो नायकसुद्धा राजाचा मुलगा म्हणूनच राजा होतो.

आता जादूच्या कादंबऱ्यांकडे वळते. हॅरी पॉटरची सात पुस्तके 1997 ते 2007 या काळात निघाली आणि त्यांची मराठी भाषांतरेही झाली. मी ती मराठीतूनच वाचली. जाडी पाहून घाबरू नये. मला विचाराल तर ही जातीची गोष्ट आहे, लेखिकेच्या मनात ते असो वा नसो. जादूगारांच्या जगात शुद्ध रक्ताची घराणी आहेत. हर्मायनीचे आई-वडील दातांचे डॉक्टर, त्यांना जादू येत नाही. ती वर्गात सर्वांत हुशार, तरी दुसऱ्या पुस्तकात एक श्रीमंत घरचा मुलगा तिला सर्वांसमोर घाणेरड्या रक्ताची म्हणून शिवी देतो. ते पान वाचताना मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आणि गंमत म्हणजे शुद्ध रक्तासाठी माणसे मारणारा तो दुष्ट वोल्डेमॉर्ट, त्याचा स्वतःचा बाप जादू न येणारा साधा माणूस होता! शुद्धतेचा डांगोरा पिटणाऱ्यांच्या वंशावळी तपासल्या तर असेच निघते.

पण याच पुस्तकांत एक गोष्ट मला खटकली. त्यात घरकाम करणारे बुटके प्राणी आहेत. ते पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याचे गुलाम, अंगावर उशीचा अभ्रा. मालकाने कपडा दिला की ते मुक्त. डॉबी नावाचा असा एक गुलाम एका पायमोज्यामुळे सुटतो आणि वाचक टाळ्या वाजवतो. चौथ्या पुस्तकात हर्मायनी या सर्वांच्या मुक्तीसाठी संघटना काढते, बिल्ले करते, वर्गणी मागते. तिचे मित्र तिला हसतात. ते गुलामसुद्धा चिडतात, आम्ही आहोत तसे सुखी आहोत म्हणतात, आणि लेखिकाही हा सगळा प्रकार विनोदासारखाच रंगवते. माझे मत असे की हर्मायनीचे चुकले ते एवढेच की तिने आधी त्यांच्याशी बसून बोलायला हवे होते. बाकी तिचे सर्व बरोबर होते, आणि तिला हसणाऱ्या मित्रांना पुस्तकाने फार स्वस्तात सोडले. पायमोजा फेकून मिळालेली मुक्ती ही मालकाच्या हातची मुक्ती. या मुद्द्यावर आमच्या वर्गातल्या मैत्रिणीशी माझे दोन दिवस भांडण चालले होते. एसटीत सुरू झालेले भांडण मधल्या सुट्टीतही संपले नाही. अशी भांडणे व्हावीत म्हणूनच ही पुस्तके हवीत.

मराठीत स्वतःचे काही नाही, असे कुणी समजू नये. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे, हडपसरजवळच्या फुरसुंगीचा. हाडकुळा बनेश फेणे, त्याच्याकडे ना जादू ना वारसा. एक सायकल, दोन पाय आणि नको तिथे खुपसायला नाक. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथाही मराठीत आणल्या. फेणे मला सर्व सुपरहिरोंपेक्षा जवळचा वाटतो, कारण तो घाबरतो आणि तरी जातो. मी वाचलेल्या भागांत आपल्या वस्त्या फारशा दिसत नाहीत ही उणीव मला जाणवते. परंतु ती भरून काढण्याचे काम भागवतांचे नव्हते, ते आपले आहे. बालभारतीचे किशोर मासिक 1971 पासून निघते आहे. त्याची वर्गणी परवडण्याजोगी आहे, ती तरी लगेच भरावी.

काही ज्येष्ठांनी मला सांगितले की अद्भुत कथा म्हणजे अंधश्रद्धा, आणि आपण बुद्धिवादी लोक. हा आक्षेप वजनदार आहे. पण मग अजिंठ्याचे काय करायचे? सतराव्या लेण्याच्या भिंतीवर सिंहल व्यापाऱ्याची कथा रंगविलेली आहे. जहाज फुटते, बेटावर सुंदर स्त्रियांच्या रूपात राक्षसिणी भेटतात, आणि उडणारा पांढरा घोडा सर्वांना पाठीवर घेऊन निघतो. अट एकच, मागे वळून पाहायचे नाही. जे पाहतात ते पडतात. एका दृश्यातून दुसऱ्यात जात ही कथा भिंतभर पसरलेली आहे. याला चित्रकथा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्रातल्या कलाकारांनी ती केली. पहिल्या लेण्यात महाजनक आहे. जातकात त्याचे जहाज बुडू लागते तेव्हा बाकीचे लोक रडत देवांचा धावा करतात. हा काय करतो? साखर-तुपाने पोट भरून घेतो, कपडे तेलात भिजवून अंगाला घट्ट बांधतो, डोलकाठीवर चढतो, आणि मग सात दिवस पोहतो. किनारा दिसत नसताना पोहतो. शेवटी देवता येऊन त्याला उचलते खरी, पण आधी ती त्याच्याशी वाद घालते, आणि वादात तो जिंकतो. साखर खाऊन पोहायला निघालेला हा वीर आपल्या कारखान्याच्या पट्ट्यातल्या मुलांना नक्की आवडेल.

जातकांतली माझी सर्वांत आवडती गोष्ट मातंगाची. यात बोधिसत्त्व चांडाळाच्या घरी जन्मलेला आहे. काशीच्या एका धनिकाची मुलगी उद्यानाकडे निघालेली असते, वाटेत तिला मातंग दिसतो, आणि अशुभ दर्शन झाले म्हणून ती सुगंधी पाण्याने डोळे धुऊन माघारी फिरते. मेजवानी हुकली म्हणून तिच्या सोबतचे लोक मातंगाला बेदम मारतात. शुद्धीवर आल्यावर तो तिच्या बापाच्या दारात जाऊन पडतो आणि सात दिवस उठत नाही. आजच्या भाषेत याला धरणे म्हणतात! सातव्या दिवशी घरच्यांना ती मुलगी त्याला द्यावी लागते. पुढे तो तप करून सामर्थ्य मिळवतो. तिचा मुलगा मोठा विद्वान होतो, रोज हजारो ब्राह्मणांना जेवू घालतो, आणि फाटक्या वस्त्रात भिक्षेला आलेल्या मातंगाला हाकलून देण्याचा हुकूम करतो. तेव्हा मातंग आकाशात उडतो, आणि नगराचे यक्ष त्या मुलाची व ब्राह्मणांची मान मागच्या बाजूला फिरवून ठेवतात. औषध एकच: मातंगाच्या पात्रातले उष्टे अन्न.

उडणारा नायक, अपमान, सामर्थ्य, शत्रूची फजिती, यात सुपरहिरोच्या कथेला लागणारे काय नाही? हे खरे घडले असे मी म्हणत नाही, मुलेही म्हणत नाहीत. स्पायडरमॅन खरा नाही हे पाचवीतल्या मुलाला पक्के माहीत असते. गोष्ट म्हणून ऐकणे आणि पोथी म्हणून पुजणे यातला फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. जपानच्या ओसामू तेझुका यांनी 1972 ते 1983 या काळात बुद्धाच्या जीवनावर मोठी चित्रकथा काढली. इंग्रजीत तिचे आठ खंड आहेत. तिची सुरुवात सिद्धार्थापासून होत नाही. ती होते चाप्रा नावाच्या गुलाम मुलापासून. तो जात लपवून सेनापतीचा मानलेला मुलगा होतो, आणि त्याची आई सापडल्यावर सगळे कोसळते. परदेशातल्या एका चित्रकाराला बुद्धाची गोष्ट सांगताना प्रथम जात सांगावी लागली.

आणि शेवटी आपली स्वतःची साहसकथा. 1901 च्या सुमारास सातारहून प्रवासाला निघालेली तीन-चार लहान मुले मसूर स्टेशनवर उतरतात, वडिलांकडे कोरेगावला जायचे आहे, न्यायला कोणी आलेले नाही. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो, गाडीवान गाडीत बसायला तयार नाही, तो पायी चालतो आणि मुलांनी गाडी हाकायची. रात्र पडते, डब्यात जेवण आहे, पण प्यायला पाणी कुणी देत नाही. त्यातला एक मुलगा भीमराव. ही कथा 2011 सालच्या 'भीमायन' या इंग्रजी चित्रकथेत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी काढली आहे. त्यांनी माणसांना चौकटींत बसवायला नकार दिला. त्यामुळे पानावर चौकटी नाहीत, गोंड नक्षीच्या वळणदार रेघा आहेत. आणि बोलण्याचे फुगे पाहा: साध्या माणसांच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार आणि विषारी बोलण्याला विंचवाची नांगी. फुगा पाहिला की वाचण्याआधीच कळते. अमर चित्रकथेनेही 1979 साली बाबासाहेबांवर अंक काढला होता. अमेरिकेत 1957 साली मार्टिन ल्यूथर किंग आणि मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्कारावर एक छोटे कॉमिक्स निघाले. नागरी हक्कांच्या लढ्यातले कार्यकर्ते जॉन लुईस यांनी म्हातारपणी 2013 ते 2016 या काळात स्वतःची चळवळ तीन चित्रखंडांत सांगितली. तेव्हा हे माध्यम पोरखेळ आहे, असे चळवळीच्या लोकांनी तरी म्हणू नये.

आपल्या भागातही अशा कथांना तोटा नाही. माझी आजी ज्या गावची, ते गाव उजनीच्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, लोक होड्यांतून पाहायला जातात, फोटो काढतात. आजी काठावर उभी राहून तिच्या गावाच्या दिशेने बोट दाखवते आणि सांगते, तिकडे वेस होती, तिकडे पाटलाची विहीर, आणि त्या विहिरीपासून लांब, पार खाली, आमची घरे. पाण्याखाली गेलेल्या गावातसुद्धा आमची घरे लांबच आहेत! हे मी भावाला सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग माझा हिरो त्या विहिरीत उतरेल का?" मी म्हटले, उतरेल, पण आजीला विचारून.

कार्यकारिणीकडे माझे मागणे थोडके आहे. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा पैसा कमी करू नये. मुलांच्या कपाटातला एक खण या पुस्तकांना द्यावा. 'भीमायन' एक प्रत, तेझुकांचा निदान पहिला खंड, फास्टर फेणे जेवढे मिळतील तेवढे, हॅरी पॉटरचे पहिले दोन भाग मराठीत, जातककथा, आणि किशोरची वर्गणी. वेताळाचे अंक मामा देणगी म्हणून द्यायला तयार आहेत. मात्र अट अशी की ते घरी न्यायचे नाहीत, इथेच बसून वाचायचे. दर रविवारी वंदनेनंतर तासभर मी आणि माझी मैत्रीण मुलांना वाचून दाखवू. कपाटाची किल्ली पदाधिकाऱ्यांच्या घरी न ठेवता विहारातच ठेवावी, म्हणजे मुलांना कुणाच्या दारात जाऊन उभे राहावे लागणार नाही.

आम्ही मातंगाची गोष्ट मुलांकडून वहीत चित्रांनी काढून घ्यायला सुरुवात केली आहे. चार पाने झाली. सात दिवस दारात पडलेल्या मातंगाला एकेका मुलाने एकेक दिवस वाटून घेतला आहे. काम सध्या अडले आहे ते खडूंवाचून. पेटीत तपकिरी खडू एकच असतो, आणि तो तिसऱ्या दिवशीच संपला. पुस्तकांच्या यादीत तेवढे तपकिरी खडूंचे एक डझन लिहून घ्यावे, ही विनंती करून मी आपली रजा घेते.

जय भीम!